चष्म्याच्या कव्हरमधल्या गोळ्या

या वेळचं पत्र थोडं कापून देतेय, घरातले ओळखू येतील असे तपशील काढलेत, बाकी शब्द तिचेच आहेत.

"ताई नमस्कार, वय ३८. सहा-सात महिने झाले, काही करावंसंच वाटत नव्हतं, झोप उडाली, भाजी निवडतानासुद्धा रडू यायचं. शेवटी एकटीच जाऊन सायकिअ‍ॅट्रिस्टना भेटले. त्यांनी एस्सिटॅलोप्रॅम दिलीय, आधी सात दिवस ५ मिलिग्रॅम आणि आता १०, शिवाय झोपेसाठी थोडे दिवस क्लोनाझेपाम. आज बारावा दिवस. फायदा शून्य, मळमळ मात्र भरपूर, आणि हातपाय जागेवर राहत नाहीत, सारखी उठबस चालू असते. घरात नवरा, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. कुणालाच सांगितलेलं नाही. नाव कुणी वाचायला नको म्हणून गोळ्या स्ट्रिपमधून काढून जुन्या चष्म्याच्या कव्हरमध्ये ठेवते. पाहुणे असले की एखाद्या दिवशी राहून जाते, मग दुसऱ्या दिवशी दोन घेते. मधे कंबर धरली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी ट्रॅमाडॉलची गोळी दिली, या गोळ्यांचं त्यांना बोलले नाही, लाज वाटली. ती अजून सुरू केली नाहीये. मैत्रीण म्हणते हे सगळं बंद कर, मूडसाठी हर्बल कॅप्सूल मिळते ती घे. माझ्या वडिलांना, वय ७२, मागे अशाच गोळ्या होत्या, बरं वाटायला लागलं म्हणून त्यांनी एक दिवस बंद केल्या तर आठवडाभर चक्कर. तेव्हापासून घरात सगळे म्हणतात की सवय लागते. मलाही लागेल का? आत्ताच बंद करू का? – चष्मेवाली"

अगं चष्मेवाली, एकदम अगं-तुगं करतेय, रागावू नकोस, पत्र वाचताना तू समोर बसल्यासारखीच वाटलीस. बाकीचं नंतर बोलू, आधी एक काम कर. ती कंबरेची ट्रॅमाडॉलवाली गोळी घेऊ नकोस, आणि ज्यांनी दिली त्यांना आजच फोन करून सांग की मी एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम घेतेय, कंबरेसाठी दुसरं काही द्या. एवढं करून ये मग पुढचं वाच.

झाला फोन? बरं. आता का ते सांगते. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, औषधांच्या काउंटरमागे उभं राहून वीस वर्षं झाली, त्यामुळे तुझा डोस किती असावा हे मी सांगणार नाही, पण कुठली गोळी कुठल्या गोळीशी भांडते हे बघणं तर माझं रोजचं कामच आहे. तुझी एस्सिटॅलोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी, ती काय करते तर मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि लगेच परत ओढून घेतात, ते परत ओढणं ही गोळी अडवते, म्हणजे सेरोटोनिन जास्त वेळ कामावर राहतं. ट्रॅमाडॉलला आपण पेनकिलर म्हणतो पण तीही थोड्याफार प्रमाणात हेच करते. दोन्ही एकत्र घेतल्या की प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही, कधी कधी डॉक्टर पूर्ण माहिती असताना, नजर ठेवून, देतातही, पण काही जणांमध्ये सेरोटोनिनचा पूर येतो, त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. सुरुवात अगदी फालतू वाटेल अशी असते, हात थरथरतात, दरदरून घाम, जुलाब, छातीत धडधड, आणि वाढलं तर ताप, अंग ताठ होणं, पाय आपोआप झटके देणं, बोलण्यात गोंधळ. नवीन गोळी घेतल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही तासांतच सुरू होतं, बहुतेक वेळा २४ तासांच्या आत. असं दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सीमध्ये जायचं आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्यायच्या. शिवाय ट्रॅमाडॉलने फिट येण्याचा धोका वाढतो आणि ती अफूच्या गटातली आहे, आणि त्या गटातलं काहीही क्लोनाझेपामसोबत घेतलं तर श्वास मंदावू शकतो, इतका की २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, या जोडीवर आपला सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. म्हणजे तुझ्याकडे एक नाही, तीन कारणं होती ती गोळी न घेण्याची, आणि त्या कंबरेच्या डॉक्टरांना यातलं एकही माहीत नव्हतं, कारण तू सांगितलंच नाहीस.

१९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक १८ वर्षांची मुलगी ताप आला म्हणून अ‍ॅडमिट झाली. ती डिप्रेशनसाठी फेनेल्झिन घ्यायची, ती एमएओआय नावाच्या जुन्या गटातली गोळी आहे, हल्ली क्वचितच देतात. हॉस्पिटलात तिला पेथिडिनचं, म्हणजे अफूच्याच गटातल्या एका पेनकिलरचं, इंजेक्शन दिलं गेलं आणि काही तासांत ती गेली. नेमकं कशाने गेली यावर पुढे कोर्टात बरीच वर्षं भांडण चाललं, पण या दोन औषधांची जोडी नको हे आम्हाला शिकवताना हीच केस सांगायचे. घाबरवायला सांगत नाहीये, तुझी गोळी त्या गटातली नाही आणि तिच्यापेक्षा खूपच सेफ आहे. सांगतेय एवढ्यासाठी की डॉक्टर "अजून काय काय चालू आहे" असं विचारतात ती नुसती फॉर्मॅलिटी नसते.

आता ते चष्म्याचं कव्हर. पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, आणि खरं सांगू तर तुझे बाकीचे प्रश्न त्याच कव्हरमधून बाहेर आलेत. मी रोज बघते ना, बीपीची गोळी मागताना लोक चार माणसांत मोठ्याने नाव घेतात, शुगरची असेल तर वर गप्पा पण मारतात, पण ही गोळी असली की चिठ्ठी उलटी करून काउंटरवर सरकवतात आणि हळूच "ती नेहमीची द्या" म्हणतात. एक गृहस्थ तर स्ट्रिप घेतल्या घेतल्या तिथेच उभे राहून एकेक गोळी बाहेर काढून रिकाम्या डबीत टाकायचे आणि स्ट्रिप मलाच परत द्यायचे, टाकून द्या म्हणून. मी पहिल्यांदा दिली टाकून. नंतर लक्षात आलं की गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, एक्सपायरी, सगळं त्या कचऱ्यात जातंय.

तुझ्या कव्हरमध्ये दोन प्रकारच्या पांढऱ्या गोळ्या मिसळलेल्या असतील बहुतेक, एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम. रात्री अर्धवट उजेडात, रडून डोळे सुजलेले असताना, कुठली कुठली ते कळतं तुला? आणि घरात सहा वर्षांचं पोर आहे. चष्म्याचं कव्हर म्हणजे लहान मुलांसाठी टक टक उघडायचं खेळणंच आहे गं. त्यात छोट्या पांढऱ्या गोळ्या सापडल्या तर ती तोंडात घालून बघणारच. आणि समजा तिने घातली, किंवा तूच कुठे चक्कर येऊन पडलीस, तर तुला घेऊन जाणारा माणूस डॉक्टरांना काय सांगणार, एका कव्हरमध्ये काहीतरी पांढरं होतं? त्यामुळे आज रात्रीच गोळ्या परत त्यांच्या स्ट्रिपमध्ये तर जाणार नाहीत, पण पुढची स्ट्रिप येईल ती अख्खी ठेवायची, फॉइल फाडायची नाही, आणि ठेवायची जागा म्हणजे मुलीचा हात पोचणार नाही असं कुलपाचं कपाट. लपवण्यापेक्षा कुलूप बरं, कुलपाबद्दल "लहान पोर आहे घरात" एवढं म्हटलं की कुणी काही विचारत नाही.

बाराव्या दिवशी फायदा शून्य. हो, बरोबर आहे, तसंच असतं. या गोळ्यांची वाईट सवय अशी की त्रास आधी देतात आणि गुण नंतर. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पोटात, आतड्यांत असतं, त्यामुळे गोळी सुरू झाली की पहिली बोंब पोटच मारतं, मळमळ, कधी पातळ शी, कधी भूकच नाही. ते साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. मनाला फरक मात्र दोन ते चार आठवड्यांत कुठे जाणवायला लागतो आणि पूर्ण गुण यायला सहा-आठ आठवडे जातात, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तो आपल्याला स्वतःला आधी जाणवत नाही, दुसरंच कुणी म्हणतं की आज तू गुणगुणत होतीस. तुला ते म्हणणारं कुणी नाहीये कारण कुणाला माहीतच नाही. असो. मळमळीसाठी गोळी जेवणानंतर घेऊन बघ, आणि झोप उडत असेल तर डॉक्टरांना विचारून सकाळी घे, याने कितीतरी जणांचा त्रास निम्मा होतो. पण मळमळ थांबवायला स्वतःच्या मनाने उलटीची गोळी घेऊ नकोस हं. ऑन्डॅन्सेट्रॉन, डॉम्पेरिडोन या सगळ्यांच्या ओळखीच्या गोळ्या आहेत, पण एस्सिटॅलोप्रॅमप्रमाणे त्यांचाही हृदयाच्या ठोक्यांच्या तालावर थोडा परिणाम होतो, ईसीजीमध्ये क्यूटी नावाचं अंतर लांबतं, आणि दोन्ही मिळून ते जास्त लांबू शकतं. काही अँटिबायोटिक्सचंही तेच. घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल किंवा तुला कधी अचानक शुद्ध हरपल्यासारखं झालं असेल तर हे डॉक्टरांना नक्की सांग, ते ईसीजी काढून बघतील. एस्सिटॅलोप्रॅमची थोरली बहीण सिटॅलोप्रॅम, तिचा डोस याच कारणाने २०११ पासून दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर द्यायचा नाही असं एफडीएने ठरवलं.

मळमळीचं मी एवढं मनावर घेत नाही. पण "हातपाय जागेवर राहत नाहीत, सारखी उठबस" हे तू ज्या घाईत एका ओळीत लिहून पुढे गेलीस तिथे मी थांबले. साधी अस्वस्थता असेल, सुरुवातीला थोडी असतेच, पण आतून कुणीतरी ढकलतंय, बसवतच नाही, खोलीत फेऱ्या मारल्याशिवाय चैन नाही, अशी असेल तर तिला अकॅथिसिया म्हणतात आणि ती सहन करत बसायची गोष्ट नाही, डोस कमी करून किंवा औषध बदलून ती जाते. तुझ्या सायकिअ‍ॅट्रिस्टना उद्याच फोन कर, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस. आणि आता मी एक प्रश्न स्पष्ट विचारते, आडून आडून विचारण्यात अर्थ नाही. मरून जावं, सगळं संपवावं असे विचार येतात का? गोळी सुरू केल्यापासून जास्त येतात का? याचं उत्तर हो असेल तर डॉक्टरांना आजच सांगायचं, रात्र असेल तर इमर्जन्सी किंवा हेल्पलाइनला फोन, आणि एकटीने राहायचं नाही, नवरा असो, बहीण असो, कुणीतरी जवळ हवं, आणि गोळ्या त्या माणसाच्या हातात द्यायच्या, त्याने दोन-तीन दिवसांच्याच तुला काढून द्यायच्या. असे विचार येणं हा आजाराचा भाग आहे, तुझ्या स्वभावाचा नाही.

या बाबतीत एक गोष्ट लोक अर्धवट ऐकतात आणि मग "या गोळ्यांनी माणूस आत्महत्या करतो" असं सांगत सुटतात, म्हणून पूर्ण सांगते. २००४ मध्ये एफडीएने लहान मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या ट्रायल्स एकत्र करून पाहिल्या तेव्हा गोळी घेणाऱ्यांमध्ये सुमारे ४ टक्के मुलांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांमध्ये २ टक्के. त्या ट्रायल्समध्ये प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. त्यावरून औषधावर ठळक इशारा आला, २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. त्याच्या पुढच्या वयात हा धोका वाढलेला दिसला नाही, आणि ६५ च्या पुढे तर कमी झालेला दिसला. तू ३८ ची आहेस, म्हणजे आकडे तुझ्या बाजूने आहेत, पण पहिले काही आठवडे आणि डोस बदलला की त्यानंतरचे दिवस, तेव्हा कुणीतरी लक्ष ठेवायला हवं हे कुठल्याही वयात खरं. कारण अंगात थोडी ताकद मनाच्या आधी येते, आणि ते मधले दिवस नाजूक असतात.

उलटंही होतं कधी कधी. चार तास झोपूनही ताजंतवानं वाटतंय, डोक्यात आयडियांची गर्दी, बोलणं थांबत नाही, पैसे उधळावेसे वाटतायत, असं अचानक झालं तर गोळी लागू पडली म्हणून खूश होऊ नकोस, लगेच डॉक्टरांना कळव, कारण ज्यांना आतून बायपोलरचा आजार असतो, म्हणजे मन कधी फार खाली तर कधी फार वर जातं, त्यांना नुसत्या अँटिडिप्रेसंटने, म्हणजे डिप्रेशनच्या गोळीने, अशी वरची अवस्था, मेनिया, होऊ शकते. हेही स्वतःला कळत नाही, बाहेरच्यालाच दिसतं.

राहिलेल्या गोळीचं सोपं आहे. आठवली की घे, दुसऱ्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून दे आणि नेहमीच्या वेळेला एकच घे. दोन कधीच नाही. दोन घेऊन आदल्या दिवशीची भरपाई होत नाही, मळमळ आणि अस्वस्थपणा तेवढा वाढतो, आणि मला शंका आहे की तुझी ती उठबस त्या दोन गोळ्यांच्या दिवसांमध्ये जास्त असणार, आठवून बघ. मोबाइलला अलार्म लाव, नाव काहीही दे, "पाणी" दे.

मैत्रिणीच्या हर्बल कॅप्सूलचं म्हणशील तर ती मैत्रीण चांगली असेल, कॅप्सूल नको. मूडसाठी म्हणून जी हर्बल कॅप्सूल जगभर मिळते त्यात सेंट जॉन्स वॉर्ट नावाची वनस्पती असते बऱ्याचदा, आणि तीही सेरोटोनिनवरच काम करते, म्हणजे ट्रॅमाडॉलचीच कथा पुन्हा. वर ती लिव्हरला इतर औषधं भराभर फोडायला लावते, त्यात गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा आल्या, रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसुद्धा आली. हर्बल म्हणजे निरुपद्रवी हा समज काउंटरवर रोज दहा वेळा खोडते मी, अकराव्या वेळी दमते. खोकल्याच्या सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, मायग्रेनच्या ट्रिप्टान गटातल्या गोळ्या असतात, लिनेझोलिड नावाचं एक अँटिबायोटिक आहे, लिथियम आहे, या सगळ्यांच्या आधी "मी एस्सिटॅलोप्रॅम घेते" हे वाक्य आलंच पाहिजे. दाताच्या डॉक्टरांकडेही, ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्यांकडेही.

आणि कंबर? तिला पॅरासिटॅमॉल चालते, ठरलेल्या डोसमध्ये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन या मात्र विचारल्याशिवाय नको. यामागचं कारण मला स्वतःला फार आवडतं, म्हणून सांगते. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स असतात ना, त्या आपलं सेरोटोनिन स्वतः बनवत नाहीत, रक्तातून ओढून साठवतात आणि जखम झाली की सोडतात. तुझी गोळी ते ओढणंच अडवते, कारण दरवाजा तोच आहे, मेंदूतला आणि प्लेटलेटमधला. म्हणून काही जणांना जरा कुठे आपटलं तरी काळं-निळं होतं, हिरड्यांतून रक्त येतं, आणि त्यावर या पेनकिलर घेतल्या की पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. शी डांबरासारखी काळी झाली तर तो सिग्नल समज.

दारू घेत असशील तर सध्या बाजूला ठेव, क्लोनाझेपाम चालू असेपर्यंत तर अजिबातच नाही. गाडी चालवत असशील तर पहिले काही दिवस अंदाज घे, सुस्ती येतेय का, रिअ‍ॅक्शन मंद झालीय का. बस, यावर एवढंच.

आता सवयीचं. इथे मला माझंच सांगावं लागेल. मी दोन वर्षं व्हेन्लाफॅक्सिन घेतली, तीही डिप्रेशनचीच गोळी, याच गोष्टींसाठी, आणि हो, मीही घरी वर्षभर सांगितलं नव्हतं, त्यामुळे तुला लाज का वाटली हे मला विचारू नकोस. एकदा चार दिवस बाहेरगावी गेले आणि स्ट्रिप घरी राहिली. मी फार्मासिस्ट, मला माहीत होतं काय होणार ते, पण सोबतच्यांना सांगून औषध शोधत फिरायचं म्हणजे कोणती गोळी हे सांगावं लागलं असतं, म्हणून म्हटलं चार दिवसांनी काय होतंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिना उतरताना मान वळवली आणि डोक्यात खट्‌कन करंट लागल्यासारखं झालं, दुखलं नाही, पण डोळ्यांसमोरचं सगळं एक क्षण मागे राहून मग पुढे उडी मारून आलं. मग दर वेळी नजर फिरवली की खट्. रात्री विचित्र लख्ख स्वप्नं, घाम, आणि कुणी साधं "पाणी देऊ का" विचारलं तरी चिडचिड. कठडा धरून धरून चार दिवस काढले आणि सगळ्यांना सांगितलं की प्रवास बाधला.

तुझ्या वडिलांना हेच झालं. ही सवय नाही गं. सवय लागणं म्हणजे त्या गोष्टीची ओढ लागते, डोस वाढवत न्यावा लागतो, ती मिळवायला माणूस काहीही करतो, तसं या गोळ्यांत होत नाही, कुणी मजेसाठी एस्सिटॅलोप्रॅम शोधत फिरत नाही. पण मेंदूने गोळी धरून आपली बैठक जमवलेली असते, ती खालून एकदम काढली की तो डगमगतो. गोळी शरीरातून जितकी लवकर जाते तितका डगमगाट जास्त, म्हणून डिप्रेशनच्याच गोळ्यांमध्ये व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिन सोडताना जास्त त्रास, आणि फ्लुऑक्सेटिन कितीतरी आठवडे रेंगाळते म्हणून तिला कमी. तुझी मधली आहे. त्यामुळे सोडायची वेळ येईल तेव्हा डॉक्टर डोस पायरी पायरीने उतरवतील, काही आठवडे, कधी काही महिने, आणि सगळ्यात शेवटच्या पायऱ्या सगळ्यात हळू. आणि ती वेळ कधी, तर पूर्ण बरं वाटायला लागल्यानंतर किमान सहा महिने गोळी चालू ठेवून मग, आणि आजार आधीही येऊन गेला असेल तर त्याहून जास्त. वडिलांनी बरं वाटल्या वाटल्या सोडली, तिथे चुकलं. खरी सवय लागू शकते ती तुझ्या दुसऱ्या गोळीची, क्लोनाझेपामची. ती डॉक्टरांनी थोडे दिवस म्हणून दिलीय ना, मग किती दिवस ते नेमकं विचारून घे, साधारण दोन ते चार आठवड्यांच्या वर ती ओढू नये असंच बघतात. तीसुद्धा मनाने बंद किंवा जास्त करायची नाही. बाराव्या दिवसाचं तुझं "बंद करू का" याला माझं उत्तर, मनाने नाही, उद्याच्या फोननंतर डॉक्टर म्हणाले तर.

वडिलांचं एक अजून. त्यांना पुन्हा कधी या गोळ्या लागल्या तर सुरुवातीच्या काही आठवड्यांत रक्तातलं सोडियम तपासायला सांग, विशेषतः बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर. म्हाताऱ्या माणसांत या गोळ्यांनी सोडियम उतरतं, मग डोकं दुखतं, विसरल्यासारखं होतं, तोल जातो, आणि घरचे म्हणतात वय झालं. बाथरूममध्ये पडून हाड मोडल्यावर कळतं की वय नव्हतं झालं, सोडियम उतरलं होतं.

राहिला नवरा. सासूबाईंना सांगायचं की नाही ते तू ठरव, त्यात मी पडत नाही, पण घरात एका माणसाला माहीत हवं आणि माझ्या मते तो नवराच असावा, कारण अजून एक गोष्ट आहे जी डॉक्टर घाईत बोलत नाहीत आणि बायका विचारत नाहीत. या गोळ्यांनी शरीरसंबंधाची इच्छा कमी होते, किंवा इच्छा असते पण शेवटपर्यंत पोचता येत नाही, पुष्कळ जणांना होतं हे, बायकांना आणि पुरुषांनाही, आणि मळमळीसारखं ते दोन आठवड्यांत जातंच असं नाही. त्यावर उपाय आहेत, डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. पण त्याला गोळीचं माहीतच नसेल तर तो काय समजेल? त्याला वाटेल आपल्यातच काहीतरी बिनसलंय, आणि तू गप्प, तो गप्प. त्यापेक्षा आधीच सांगून टाक. लांबलचक भाषण लागत नाही. "मला डिप्रेशनचं निदान झालंय, गोळी सुरू आहे, पहिले काही आठवडे मी विचित्र वागतेय, झोपत नाहीये किंवा फार बोलतेय असं वाटलं तर मला सांग आणि डॉक्टरांना फोन कर, हा नंबर." एवढंच. मूल हवंय असा विचार असेल किंवा पाळी चुकली तर गोळी पटकन बंद करायची नाही हेही याच बोलण्यात येऊ दे, गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या असतात, कुठली ठेवायची कुठली बदलायची ते डॉक्टर बघतात, पॅरॉक्सेटिन सुरुवातीच्या महिन्यांत टाळतात तशी प्रत्येकीची वेगळी गोष्ट आहे.

आणि पाकिटात एक कागद ठेव, दोन्ही गोळ्यांची नावं, मिलिग्रॅम, कधी सुरू केल्या ती तारीख, डॉक्टरांचा नंबर. तोंडाने सांगायला जड जात असेल तर तो कागदच सरकव समोर, काउंटरवरही, दाताच्या खुर्चीतही. उलटा सरकवलास तरी चालेल, आम्ही सुलटा करून वाचतो. उद्याच्या फोनमध्ये उठबसचं आधी सांग, दोन गोळ्या घेतलेले दिवस किती ते सांग, मग मळमळीचं. आणि जमलं तर मला चार ओळी टाक, कंबरेला काय दिलं ते कळव.